रत्नागिरीला कधी यावं? महिना नको, पंधरवडा ठरवा

२०२५ च्या मे महिन्यात, चोवीस तारखेला, पुण्याहून माझा मावसभाऊ बायकामुलांसह रत्नागिरीत उतरला. सामानात वाळूत खेळायच्या दोन बादल्या, वहिनींची मोठी हॅट आणि आंबे न्यायला रिकाम्या पेट्या. नेमका त्याच दिवशी अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर चढला. दुसऱ्या दिवशी मोसमी पाऊस देवगडला पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीरही करून टाकलं. चार दिवस मंडळी आमच्या पडवीत बसून होती. बादल्या कामी आल्या, पण कौलातून गळणाऱ्या पाण्याखाली. निघताना भाऊ म्हणाला, "पण सगळीकडे तर ऑक्टोबर ते मे असं लिहिलेलं असतं!"

असतं खरं. पण ऑक्टोबर ते मे म्हणजे आठ महिने, आणि आठ महिन्यांना कोणी मोसम म्हणत नाही. त्या आठ महिन्यांत घामाच्या धारा आहेत, गोधडी ओढून घ्यायची पहाट आहे, बांगड्याचा सुकाळ आहे आणि हापूसही आहे. फक्त हे सगळं एकाच वेळी नाही. म्हणून मला कोणी "कधी येऊ?" विचारलं तर मी महिना सांगत नाही, पंधरवडा सांगतो. तो कसा काढायचा ते इथे पायरीपायरीनं लिहितो. हिशोब रत्नागिरीचा आहे. मालवण-वेंगुर्ल्यालाही थोड्या फरकानं लागू पडेल.

पहिली पायरी: कशासाठी येताय ते एका ओळीत लिहा

घरात जितकी माणसं तितक्या इच्छा असतात. आजोबांना पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन हवं, मुलांना समुद्रात डुंबायचंय, कुणाला सुरमईची तुकडी, कुणाला धबधबा, कुणाला नुसती झोप. कागदावर लिहून काढा आणि त्यातली एकच इच्छा वर ठेवा. कारण काही जोड्या इथे जुळतच नाहीत. आंबा आणि थंडी एकत्र मिळत नाहीत. धबधबा आणि समुद्रस्नान मिळत नाही. जून-जुलैत हिरवळ बघायला आलात तर पापलेट बर्फातलं खावं लागेल. ज्यांना सगळंच हवं असतं ते डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतात, आणि त्यांच्या वाट्याला गर्दी सोडून फारसं काही येत नाही.

दुसरी पायरी: वर्षाकडे आमच्या बाजूनं बघा

समुद्राचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, नारळी पौर्णिमेला होतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बंदी कागदावर १ ऑगस्टला उठते, पण समुद्राला नारळ दिल्याशिवाय अनेक कोळी होडी लोटत नाहीत, आणि समुद्र खवळलेला असेल तर नारळ देऊनही लोटत नाहीत.

*ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर.* पाऊस आहे पण उसंत घेणारा. सकाळी सर, दुपारी ऊन, संध्याकाळी पश्चिमेला असे काही रंग की फोटो खोटा वाटावा. सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, इवल्या फुलांचे गालिचे याच दिवसांत असतात. मिरकरवाडा बंदरावर ताजी मासळी यायला लागते. समुद्रात मात्र उतरायचं नाही. लाटा खाली आल्यासारख्या दिसतात, पाण्याची ओढ तशीच असते. फिरणाऱ्यांनी फारसा न हेरलेला हा काळ आहे. गणपतीचे दिवस वगळून सापडला तर सोडू नका.

*ऑक्टोबर.* ज्या महिन्यापासून पर्यटनाचा हंगाम सुरू झाला म्हणतात, तो मला वर्षातला सगळ्यात फसवा महिना वाटतो. पाऊस परततो साधारण दुसऱ्या आठवड्यात, जाताना गडगडाट करून. मग जमीन ओली, आभाळ मोकळं आणि वारा पडलेला. पारा तेहेतीसच दाखवतो, पण सदरा पाठीला चिकटलेला असतो. शिवाय पावसाळ्याच्या आधी आणि नंतर अरबी समुद्राचं पाणी तापलेलं असतं, तेव्हाच वादळं उठतात. २०१९ मधलं क्यार ऑक्टोबरातलं, २००९ मधलं फयान नोव्हेंबरातलं. फयानात इथल्या घरांतले खलाशी गेले. मिरकरवाड्यात आजही ते नाव हळू आवाजात घेतात. ऑक्टोबरातच यायचं असेल तर शेवटच्या आठवड्यात या आणि पंख्याखालची दुपार धरून चाला.

*नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीचा शेवट.* हा आमचा सरळ काळ. पहाटे अठरा-वीस अंश, दुपारी तीस-बत्तीस. हवा कोरडी आणि समुद्र शांत. मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, सकाळी अंगावर काटा आणतो. रत्नदुर्ग चढायला, आरे-वारेच्या रस्त्यावरून गणपतीपुळ्याला रमतगमत जायला, उक्शीचं किंवा कशेळीचं कातळशिल्प उन्हाची तमा न करता बघायला हेच दिवस. ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कशेळीचा हत्ती एवढा प्रचंड आहे की त्याच्या पोटात उभं राहिलं तर आपण कशात उभे आहोत ते कळत नाही. सड्यावर सावली नाही, त्यामुळे तिथे हवामानालाच किंमत.

याच थंडीत एखाद्या काळोख्या रात्री लाट फुटताना निळसर उजेड दिसतो. पाण्यातल्या सूक्ष्म जिवांची ती करामत. मात्र त्याच्या भरवशावर तिकीट काढू नका. मी एकदा पाहुण्यांना चार रात्री आरे-वाऱ्याला नेलं होतं आणि चारही रात्री नुसता काळोख बघून परत आणलं. जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात शास्त्रीय संगीताचा महोत्सव होतो. गाण्याचा कान असेल तर त्याच्या तारखा आधी विचारा आणि त्याप्रमाणे बाकीचं बसवा.

*फेब्रुवारी-मार्च.* रात्री अजून बऱ्या असतात, दुपारचं मात्र सांगता येत नाही. बाहेरच्यांना वाटतं मे सगळ्यात तापत असेल. प्रत्यक्षात किनाऱ्यावरचे सगळ्यात कडक दिवस बऱ्याचदा मार्चमध्ये येतात. देशावरून येणारा तापलेला पूर्वेचा वारा जोर धरतो, दुपारी यायचा तो खारा वारा लांबतो, आणि पारा अडतीसच्या वर जातो. दोन-तीन दिवसांत उतरतोही. या काळाची बक्षिसं दोन. एक म्हणजे ओले काजूगर. त्यांच्या उसळीसाठी मी उन्हात फिरायला तयार आहे. दुसरं म्हणजे ऑलिव्ह रिडले कासवं. शहराच्या दक्षिणेला गावखडी आणि उत्तरेला मालगुंड इथल्या किनाऱ्यांवर अंडी जपली जातात. घालण्यापासून फुटेपर्यंत साधारण पन्नास दिवस जातात, त्यामुळे पिल्लं समुद्रात सोडायचे दिवस बहुधा फेब्रुवारी ते एप्रिल. सोडतात सूर्योदयाच्या किंवा सूर्यास्ताच्या सुमाराला. पिल्लं आपल्या सवडीनं बाहेर येत नाहीत, म्हणून तीन रात्री तरी मुक्काम हवा.

*एप्रिल ते मेचा मध्य.* आंब्यासाठी यायचं तर हेच दिवस, पण त्यातही पंधरवड्याला महत्त्व आहे. मार्चमध्ये पेटी दिसते, परवडत नाही. १५ एप्रिल ते १० मे हा भरात असलेला काळ. त्यानंतर दर उतरतो, कारण माल वाढलेला असतो आणि पाऊस तोंडावर असतो; पण उष्णतेनं साक्याचं प्रमाणही वाढतं. वरून सोन्यासारखा आंबा कापला की आत कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा गर, तो साका. तो वरून ओळखता येत नाही, बागायतदारालाही नाही. त्यामुळे मेअखेर स्वस्त मिळाला म्हणून फुशारकी मारू नका.

पेटी घेताना तीन गोष्टी करा. वरचा थर उचलून खालचे आंबे बघा. नग एकसारखे हवेत. देठाशी बोट फिरवा. देठ खोलगट आणि दोन्ही खांदे वर आलेले असतील तर आंबा झाडावर पुरता तयार होऊन उतरवलेला. मग देठाजवळ वास घ्या. पिवळाधमक आहे आणि वास नाही, तर ठेवून द्या. प्रवास करायचा असेल तर हिरवट, चार-पाच दिवसांत पिकेल असा घ्या आणि घरी पेंढ्यात अढी घाला. पेटीवर "रत्नागिरी" छापलेलं असणं हा पुरावा नव्हे. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून नोंदणी केलेले बागायतदार आहेत. शक्य असेल तर थेट बागेतूनच घ्या. सकाळी सहाला तोड चालू असताना बागेत उभं राहा. झेल्याच्या, म्हणजे आंबा उतरवायच्या काठीच्या, जाळीत अलगद उतरणारा आंबा, देठाला पांढऱ्या चिकाचा थेंब. मुलांना तो चीक ओठाला लागू देऊ नका, भाजतो.

या दिवसांत दिनक्रम उलटा ठेवा. सकाळी साडेनऊपर्यंत फिरणं संपवा, दुपार जेवण आणि झोपेला द्या, पाचनंतर बाहेर पडा. जे अकरा वाजता किल्ला चढतात ते नंतर रत्नागिरीला नावं ठेवतात.

*मेची अखेर.* या दिवसांवर भिस्त ठेवू नका. मोसमी पाऊस एरवी जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, पण वळवाचा पाऊस आणि वादळं आधीच घुटमळत असतात. तौक्ते २०२१ च्या मेच्या मध्यावर याच किनाऱ्याजवळून गेलं. मावसभावाची कथा वर सांगितलीच.

*जून आणि जुलै.* वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागला की आम्ही आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान भरून दार लोटून घेतो. आणि तरी, खरं सांगू, ज्याला समुद्रात जायचं नाही, समुद्र बघायचा आहे, त्यानं जुलैतच यावं. रत्नदुर्गाच्या तटावर भगवतीच्या देवळामागे उभं राहिलं की तिन्ही बाजूंनी तांबूस-करडं पाणी खाली आदळत असतं. पायाखालचा दगड किंचित हलल्यासारखा वाटतो. मांडवीच्या धक्क्यावर किंवा मिऱ्याच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर मात्र उभं राहू नका. लाट दहा वेळा बंधाऱ्याच्या अलीकडे थांबते, अकराव्या वेळी थांबत नाही.

धो-धो पावसात आत बसून बघण्यासारखंही शहरात बरंच आहे. मंडालेहून पदच्युत करून आणलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० चा. राजा १९१६ मध्ये इथेच वारला. राजवाड्याच्या सज्जातून पावसातली भाट्याची खाडी बघताना त्या माणसाचं काय झालं असेल ते थोडं कळतं. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान, १९३१ मध्ये उभं राहिलेलं पतितपावन मंदिर, झाडगावच्या मत्स्यालयातला देवमाशाचा अजस्र सांगाडा, असा एक कोरडा दिवस सहज भरतो. जेवणात ताज्या सुरमईचा हट्ट सोडा. टाकळा, भारंगी, फोडशी या रानभाज्या, फणसाच्या आठळ्या, सोड्यांचं कालवण, खाडीतले मासे मागा. मुंबईत हे पैसे देऊनही मिळत नाही.

तिसरी पायरी: गर्दीचे दिवस वजा करा

पंधरवडा साधारण ठरला की त्यातून काही तारखा खोडायच्या. २४ डिसेंबर ते २ जानेवारी. शनिवार-रविवारला चिकटून आलेली सुट्टी. गणपतीपुळ्याला जायचं असेल तर अंगारकी. त्या दिवशी मंदिराची रांग पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, उतरते.

गणपती आणि शिमगा यांचं गणित निराळं आहे. त्या दिवसांत आगगाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, पण लॉज तितके भरलेले नसतात. येणारा चाकरमानी आपल्या घरी उतरतो. उलट अडचण अशी की खानावळीतला आचारीही आपल्या घरी गणपतीला गेलेला असतो. एका गौरीपूजनाला आमच्याकडे आलेल्या मित्रानं दीड तास शहरभर फिरून शेवटी आमच्याच ताटावर बैठक मारली. ओळखीचं घर असेल तर गणपतीत जरूर या, नसेल तर टाळा. शिमग्यात ग्रामदैवत भैरीची पालखी बघायला मात्र ओळख लागत नाही. रात्र जागायची तयारी ठेवा, एवढंच.

चौथी पायरी: येण्याचा मार्ग मोसमाप्रमाणे बदला

कोकण रेल्वेचं वेळापत्रक पावसाळ्यात वेगळं असतं. पूर्वी ते १० जूनपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत असायचं. २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर असं होतं. या काळात गाड्या सावकाश धावतात, जोराच्या पावसात तर ताशी चाळीसनं. सुटायची-पोचायची वेळ तासातासानं सरकते आणि काही गाड्यांचे दिवसही कमी होतात. मे महिन्यात बघून ठेवलेली वेळ जुलैत धरू नका. दरडीचंही गृहीत धरा: जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली आणि गाड्या जवळजवळ दिवसभर खोळंबल्या. परतीच्या तिकिटानंतर लगेच दुसऱ्या दिवशी परीक्षा, शस्त्रक्रिया किंवा विमान ठेवू नये.

आणि तरी पावसात रेल्वेच बरी. खिडकीची जागा मिळवा. सव्वासहा किलोमीटरहून लांब असलेल्या करबुड्याच्या बोगद्यातून गाडी बाहेर पडते तेव्हा डब्यातले सगळे एकदम गप्प होतात. रत्नागिरीच्या पुढे दक्षिणेला गेलात तर ६४ मीटर उंचीचा पानवलचा पूल लागतो. तो चुकवू नका. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. गणपतीची तिकिटं त्या सकाळी काही मिनिटांत संपतात. एरवीच्या नोव्हेंबरात तीन आठवडे आधी बघितलं तरी बऱ्याचदा जमतं.

गाडीनं येणाऱ्यांना मुंबईहून सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर पडतं. मुंबई-गोवा महामार्गाच्या कामाबद्दल कोकणातल्या माणसाला बोलायला लावू नका. पावसाळ्यात दिवसाच या. कोल्हापूरहून आंबा घाट सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या वाटेत लागतो. धुक्यात तो देखणा दिसतो, पण जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तिथला रस्ता खचला होता. निघायच्या सकाळी घाट चालू आहे का ते विचारून घ्या. आणि हे लक्षात ठेवा: स्टेशन शहरात नाही, कुवारबावकडे सहा-सात किलोमीटरवर आहे. रात्री दोनला पोचणारी गाडी घेतलीत तर रिक्षा आधी ठरवा.

पाचवी पायरी: कॅलेंडरावरची तिथी बघा

इथे येणारे नव्याण्णव टक्के लोक ही पायरी गाळतात आणि मग "बीचच नव्हता हो, सगळीकडे पाणीच!" म्हणतात. बीच होता. तुम्ही भरतीला आलात.

दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढ-उतार कमी. वेळ काढायची जुनी रीत आमच्या आजोबांना तोंडपाठ होती: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमाराला भरती. एकादशी असेल तर सव्वाआठ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, ढोबळ अंदाजाला एवढं पुरतं. होडीत बसायचं असेल तर छापील भरती-ओहोटीचा तक्ता बघा.

आता याचा उपयोग. लहान मुलं घेऊन भाट्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळ घालवायची असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्या आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस घ्या. भरती दुपारी बारा-एकपर्यंत होऊन जाते आणि संध्याकाळी साडेपाच-सातला समुद्र लांब गेलेला असतो. ओली, कडक वाळू. मुलं धावतात, आजीसुद्धा चालू शकते. अष्टमीला आलात तर बरोबर सूर्यास्ताच्या सुमाराला भरती. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, एप्रिल-मेमध्ये सातच्या आसपास. तो आकडा ओहोटीच्या वेळेशी जुळवा.

दुसरा उपयोग जिवाचा आहे. संकष्टी म्हणजे वद्य चतुर्थी. म्हणजे दर संकष्टीला दुपारी तीनच्या सुमाराला भरती पुरी होते आणि मग पाणी ओढायला लागतं. गणपतीपुळ्याला दर्शन, प्रसाद, जेवण आटोपून लोक समुद्रात उतरतात ते नेमके तीन-साडेतीनला. तिथली पुळण उताराची आहे, चार पावलांत पाणी छातीला लागतं, आणि ओहोटीची ओढ पाठीमागे खेचते. दरवर्षी तिथे माणसं बुडतात. किनाऱ्यावर फलक आहेत, शिट्टी वाजवणारे जीवरक्षक आहेत. शिट्टी वाजली की वाद घालू नका.

सहावी पायरी: खोली घेताना मोसमाचे प्रश्न विचारा

"सी व्ह्यू आहे का" हा प्रश्न सगळे विचारतात. मी सांगतो ते विचारा. एप्रिलमध्ये: खोली पश्चिमेला आहे का? असेल तर दुपारनंतर भिंत तापते आणि रात्री दहापर्यंत तापलेलीच राहते. तेव्हा पूर्वेची खोली मागा. पावसाळ्यात: वीज गेली तर काय सोय आहे, कपडे वाळवायला पडवी आहे का? समुद्रासमोरच्या खोलीत पावसाळी वारा दाराच्या फटीतून पाणी आत आणतो. एका जुलैत अशाच एका खोलीत आम्ही रात्रभर टॉवेल पिळत बसलो होतो. डिसेंबरमध्ये: गरम पाणी सकाळी किती वाजेपर्यंत? आणि कुठल्याही मोसमात: मासे तुम्ही आज आणता की फ्रीजमधले? खरं सांगणारा यजमान जुलैत "फ्रीजमधले" म्हणतो. त्याच्याकडेच उतरा.

होडीची सफर आणि पाण्यातले खेळ साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. त्या काळात कोणी "माझी होडी चालू आहे" म्हणाला तर पैसे खिशातच राहू द्या.

सातवी पायरी: निघायच्या दोन दिवस आधी

हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघा. पिवळा असेल तर छत्री, नारिंगी असेल तर बेत हलका, लाल असेल तर तारीख पुढे. मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा असेल तर आभाळ कितीही निळं असो, पाण्यात उतरायचं नाही. लांब कुठेतरी उठलेली लाट इथे निरभ्र दिवशीही येते. मग ज्याच्याकडे उतरणार त्याला फोन करून एकच विचारा: "आज बंदरावर होड्या किती आहेत?" सगळ्या बंदरात उभ्या असतील तर समुद्राचं काही ठीक नाही. सगळ्या गेलेल्या असतील तर या.

मावसभाऊ यंदा पुन्हा येतोय. आम्ही फोनवर सगळ्या पायऱ्या चढलो: मुलांसाठी समुद्र हे पहिलं, मासे दुसरं, म्हणून नोव्हेंबरची अखेर. त्यातून शनिवार-रविवार वगळले. मग त्यानं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर भिंतीवरून काढून आणलं आणि मोठ्यानं पौर्णिमा शोधायला लागला. सोमवार ते गुरुवार अशी तारीख निघाली.

"आणि आंबे?" मागून वहिनींचा आवाज आला.

"आंबापोळी आहे डब्यात," मी म्हटलं. "पेट्या आणू नका. बादल्या आणा."